हलकी किट कार घोड्यासारखी उधळतेय, शॉकअप-स्प्रिंगा बदलायच्यात, सल्ला हवा

रिकामा_टूलबॉक्स

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

चार वर्षं सुट्टीचे सगळे दिवस घालवून बांधलेली गाडी एकदाची रस्त्यावर आली. लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या वळणाची आहे: चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट, पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणाऱ्या V आकाराच्या दांड्या, एक वर एक खाली), मागे अखंड एक्सल, त्याला चार लिंक आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा). रिकामी ५६२ किलो भरली.

गुळगुळीत रस्त्यावर मजा येते, शब्द नाहीत. पण रस्ता जरा खराब झाला की नाक सारखं वर-खाली. वळणाच्या मध्यात खड्डा आला तर पुढचं चाक हातभर बाहेर उडी मारतं. आणि पुढून 'ठक्क' असा आवाज येतो. त्या आवाजावरून मला वाटतंय की स्प्रिंगा कमी पडताहेत आणि सस्पेन्शन तळाला लागतंय. सध्या पुढे ३५० पाउंडच्या आहेत (एक इंच दाबायला ३५० पाउंड), मागे १५०. पुढे ४०० च्या घालू का? आणि दोन नॉबवाले ॲडजस्टेबल शॉकअप घ्यावेत असं मनात आहे.

सुसाट

घाला बिनधास्त. स्पोर्ट्स कार म्हणजे कडक सस्पेन्शन. मऊ हवं असेल तर सोफा घ्या.

काळे_हात

मालक, पैसे खिशातच ठेवा अजून. चार गोष्टी सांगा:

टायरमध्ये हवा किती?
शॉकअप कुठले, याच गाडीसाठी घेतलेले की दुसऱ्या कशाचे?
विशबोनचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) आवळले तेव्हा गाडी चाकांवर उभी होती की स्टँडवर?
बंपस्टॉपवर (शॉकअप तळाला आपटू न देणारा रबराचा गुटका) घासल्याच्या खुणा आहेत का?

'ठक्क' ऐकून स्प्रिंग कडक करायची म्हणजे दार चौकटीला आपटतं म्हणून कुलूप बदलण्यासारखं आहे.

रिकामा_टूलबॉक्स

काळे_हात, हवा २८ पीएसआय, चारही चाकांत. शॉकअप वापरलेले मिळाले होते, एका बऱ्याच जड गाडीसाठी बनवलेले, पण भोकं जुळली म्हणून बसवले. बुश स्टँडवर असतानाच आवळले, चाकं लोंबत होती. बंपस्टॉप बघून सांगतो.

आता तुम्ही विचारलंत त्यावरूनच कळायला लागलंय काहीतरी...

काळे_हात

कळेल, कळेल. आज फक्त दोन कामं. पहिलं, हवा १९ वर आणा. २८-३० हे आकडे दीड टनाच्या गाडीचे. तेच टायर निम्म्याहून कमी वजनाखाली दगडासारखे राहतात, नुसता मधला पट्टा टेकतो. या जातीच्या गाड्या १८ ते २० वरच चालतात.

दुसरं, बुशचे सगळे बोल्ट ढिले करा, गाडी जमिनीवर उतरवा, चालकाच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवा, गाडी दोन-चार वेळा दाबून बसू द्या आणि मग आवळा. रबरी बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली बसल्यावर ते कायम पिळलेलं राहतं. म्हणजे एक फुकटची, कोणी न मागितलेली स्प्रिंग. शिवाय लवकर फाटतं ते वेगळंच.

मग दोन्ही पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर एकेक केबल टाय बांधा, खाली शॉकअपच्याच बॉडीला टेकेल असा. नेहमीच्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरा. टाय कुठवर सरकला ते बघा.

गंजलेला_नट

केबल टाय हे जगातलं सर्वात स्वस्त डेटा लॉगिंग आहे. (माझा शोध नाही, रेसवाले पूर्वीपासून करतात.)

रिकामा_टूलबॉक्स

बुश सोडून पुन्हा आवळले, हवा १९ केली. नुसत्या हवेनेच गाडी निम्मी शहाणी झाली, खोटं सांगत नाही.

आता केबल टाय. दोन्हीकडचे थेट बंपस्टॉपमध्ये रुतलेले! मोजलं तर गाडी उभी असताना दांडा ३८ मिमी दिसतो आणि त्यावर २५ मिमीचा रबरी बंपस्टॉप. म्हणजे मोकळी हालचाल फक्त १३ मिमी.

काळे_हात

झालं निदान. शॉकअप लांब आहेत. गाडी खाली बसवायला तुम्ही स्प्रिंगची कॉलर (तिला आधार देणारी फिरती चकती) उतरवत गेलात आणि दांडा आत जात राहिला. १३ मिमी दांडा म्हणजे चाकापाशी वीसेक मिमी. त्याहून मोठा खड्डा आला की तुम्ही स्प्रिंगवर नाही, रबराच्या गुटक्यावर गाडी चालवताय. आणि वळणात गाडी कलली की बाहेरच्या बाजूचा शॉकअप आधीच गुटक्याला टेकलेला. तिथे खड्डा आला की चाक उडणारच.

४०० ची स्प्रिंग घातली असती तरी अंतर १३ च राहिलं असतं.

सुसाट

कॉलर वर फिरवून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दाब) द्या की मग. स्प्रिंग कडक होईल आणि गाडीही वर येईल, दोन्ही कामं.

आकडेमोड

सुसाटराव, यातलं अर्धंच खरं. कॉलर फिरवली की गाडी वर येते. स्प्रिंग कडक होत नाही. ३५० पाउंडची सरळ स्प्रिंग वर बसवा, खाली बसवा, पुढचा एक इंच दाबायला ३५० पाउंडच लागणार. वजन तेच, म्हणून दबणंही तेवढंच, फक्त सगळं वर सरकलं. चाक पूर्ण लोंबत असतानाच स्प्रिंग गाडीच्या वजनाहून जास्त ताणाने दाबून ठेवली असेल तर गोष्ट निराळी. मग गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसतच नाही आणि छोट्या उंचवट्यावर लाकडासारखी वागते. ते आपल्याला नकोच आहे.

टूलबॉक्स, मला एक माप द्या. पुढची स्प्रिंग काढा, शॉकअप नुसता राहू द्या. चाक बरोबर २० मिमी वर उचला आणि दांडा किती आत गेला ते सांगा.

वेगवेडी

आणि त्याबरोबर चारही चाकांवरचं वजन. मिळेल तिथून चार काटे आणा, जमीन समतल करून घ्या, टायरमध्ये हवा ठरलेली, टाकी अर्धी, आणि सीटवर तुम्ही स्वतः किंवा तेवढ्याच वजनाची वाळूची पोती. पोत्यांशिवाय मोजलेले आकडे मला दाखवू नका. ५६२ किलोच्या गाडीत ७८ किलोचा माणूस एका बाजूला बसला की सगळं गणित फिरतं. जड गाडीत तो गोंधळ लपून जातो, इथे नाही.

रिकामा_टूलबॉक्स

वेगवेडीताई, मी ७८ चाच आहे, कसं ओळखलंत? :)

दांडा १३ मिमी आत गेला. मागे २० ला १९. मित्राकडून काट्यांचा संच आणला. पोत्यांसकट, किलोमध्ये (चालक उजवीकडे):

पुढे डावं १२८, पुढे उजवं १६२
मागे डावं १७२, मागे उजवं १७८

एकूण ६४०.

वेगवेडी

ओळखलं नाही, अंदाज लागला. :)

तिरकी बेरीज करा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ३३४. दुसरी तिरकी जोडी ३०६. एकूणाच्या ५२.२ टक्के वजन एका कर्णावर आहे, चार पायांच्या डुगडुगत्या टेबलासारखं. म्हणून गाडी एका बाजूच्या वळणात नाक घुसवते आणि दुसऱ्या बाजूला सरळ पळायला बघते. तसं होतं का?

पुढची जोडी २९०, मागची ३५०, उजवी बाजू ३४०, डावी ३००. या चार बेरजा कॉलर फिरवून कधीच बदलत नाहीत. त्या बदलायच्या तर बॅटरी हलवा, नाहीतर चालकाने वजन कमी करावं. कॉलरने बदलतो तो फक्त कर्ण. तुम्हाला गाठायचे आकडे: पुढे १३५ आणि १५५, मागे १६५ आणि १८५. दोन्ही कर्ण ३२० होतात बघा. पुढची उजवी आणि मागची डावी कॉलर थोडी खाली, उरलेल्या दोन तेवढ्याच वर. एकाच कोपऱ्यात सगळं करू नका, उंची बिघडते. पण हे सगळ्यात शेवटी, नवे भाग बसल्यावर.

रिकामा_टूलबॉक्स

होय! डावीकडच्या वळणात आणि उजवीकडच्या वळणात गाडी वेगळी वागते. मला वाटायचं मीच एका बाजूला घाबरतो.

आकडेमोड

मापं मिळाली, धन्यवाद. जरा लांब लिहितोय.

१३ भागिले २० म्हणजे ०.६५, हा पुढचा मोशन रेशो (चाकाच्या तुलनेत दांडा किती हलतो). दांड्याची खरी हालचाल मोजल्यामुळे शॉकअपचा तिरकेपणा त्यातच आला, वेगळा धरायचा नाही. चाकाला जाणवणारा कडकपणा काढताना हा आकडा दोनदा गुणायचा: तरफेमुळे स्प्रिंगची हालचालही कमी होते आणि तिचं बल चाकापर्यंत पोचतानाही कमी होतं. ०.६५ चा वर्ग ०.४२. तुमची ३५० ची स्प्रिंग म्हणजे मिलिमीटरला ६१ न्यूटन, चाकापाशी त्यातले २६ च उरतात.

पुढच्या चाकावर सरासरी १४५ किलो. टायर, चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक आणि विशबोनचा वाटा मिळून २७ धरू, तो स्प्रिंगखालचा. वर उरले ११८. यावरून पुढचं टोक सेकंदाला २.३६ वेळा झुलतं, म्हणजे २.३६ हर्ट्झ. मागे १५० पाउंड, रेशो ०.९५, एक्सल जड म्हणून प्रत्येक बाजूला ४५ किलो स्प्रिंगखाली धरले, वर १३०. तिथे येतात २.१५ हर्ट्झ.

घरगुती गाडी साधारण १ ते १.५ मध्ये असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार १.५ ते २ मध्ये. पंखबिंख नसलेली ट्रॅकची गाडी २ ते २.५. म्हणजे तुमचं नाक आत्ताच ट्रॅकच्या गाडीचं आहे आणि तुम्ही अजून कडक करायला निघाला होतात.

त्याहून मोठी गोची पुढे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना थोड्या वेळाने. मागचं टोक पुढच्याहून जरा जलद झुलत असेल तर ते उशिरा सुरुवात करूनही पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट राहते. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. तुमच्याकडे उलटं आहे, पुढचं जलद आणि मागचं संथ. म्हणून घोडा.

पुढे २२५ पाउंडची घाला. चाकापाशी १६.६ न्यूटन, १.८९ हर्ट्झ. मागच्या स्प्रिंगांना हात लावू नका.

सुसाट

३५० वरून २२५?? अपग्रेड म्हणायचं का याला?

गंजलेला_नट

अवांतर: सुसाट, ज्याच्या गाडीची ही सगळी पिलावळ, त्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली सेव्हन काढली. त्याचीच १९६२ ची एलान चालवलेले लोक अजून तिच्या मऊ सस्पेन्शनबद्दल बोलतात. मऊ स्प्रिंग, नीट ताबा ठेवणारा शॉकअप, आणि हलकी गाडी. सुरुवातीच्या सेव्हनमध्ये तर वरच्या विशबोनचा पुढचा पाय म्हणजे अँटीरोल बारच (वळणात कलणं कमी करणारा दांडा) होता, एक तुकडा वाचवला गड्याने! १९७३ मध्ये हक्क केटरहॅमकडे गेले, त्यानंतर त्यांच्या बऱ्याच गाड्यांत मागचा अखंड एक्सल मागे पडला. तुमच्यासारख्या घरबांधणीवाल्यांनी मात्र तो जपलाय.

काळे_हात

आता शॉकअप. दोन नॉबवाले नकोत. बंप (दबतानाचा रोध) एका नॉबवर, रिबाउंड (परत लांबतानाचा) दुसऱ्यावर. चार शॉकअपांत आठ नॉब होतात आणि पहिलं वर्ष माणूस गाडीपेक्षा स्वतःलाच फसवत बसतो. एक नॉबवाले घ्या, पण तुमच्या वजनाला व्हॉल्व्ह करून देणाऱ्याकडून. जुन्या शॉकअपांचं व्हॉल्व्हिंग जड गाडीचं आहे, ते तुमच्या चाकाला खाली उतरूच देत नसणार. लागोपाठ तीन उंचवटे आले की प्रत्येक वेळी चाक अर्धंच परत येतं आणि गाडी खाली खाली बसत जाते. मग गुटका आहेच.

लांबी अशी बघा: गाडी आपल्या उंचीवर असताना दांड्याची निम्म्याहून जास्त हालचाल दबायला हवी, उरलेली लोंबायला.

आकडेमोड

स्प्रिंग बनवणाऱ्याला किंवा शॉकअपवाल्याला द्यायला आकडे: पुढच्या कोपऱ्याचं क्रिटिकल डॅम्पिंग (गाडी न झुलता परत जागेवर बसेल एवढा रोध) चाकापाशी सुमारे २८००, शॉकअपपाशी साधारण ६६३५ न्यूटन-सेकंद प्रति मीटर. त्याच्या ६५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४३०० च्या जवळ, मागा. रिबाउंड बंपपेक्षा जास्त.

आणि २२५ ची स्प्रिंग त्याच वजनाखाली ४५ मिमी दबेल, जुनी २९ दबत होती. कॉलरला १६ मिमी जास्त जागा लागेल, स्प्रिंगची लांबी मागवताना विसरू नका. शॉकअपला लोंबायला ३५ मिमी ठेवलेत तर पूर्ण लोंबतानाही स्प्रिंग १० मिमी दाबलेली राहते, जागेवरून निसटत नाही.

बेअरिंगबहाद्दर

एवढं करताच आहात तर बुशच्या जागी सगळीकडे रोझ जॉइंट (रबराविना, धातूच्या गोळ्याचे सांधे) लावून टाका. स्टिअरिंग काय धारदार होतं!

वेगवेडी

ट्रॅकवर ठीक. मी लावले होते. रस्त्यावर एका पावसाळ्यात धूळ-पाणी जाऊन खडखडायला लागले आणि प्रत्येक खडा चौकटीत ऐकू यायला लागला. परत पॉलियुरेथेन बुशवर आले. ते ग्रीस न लावता बसवले तर कुरकुरतात एवढंच.

रिकामा_टूलबॉक्स

तीन आठवड्यांनी हजर आहे. एक वाईट बातमी आधी.

जुने शॉकअप काढताना खालच्या विशबोनवरचा ब्रॅकेट घासून साफ केला, तर वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर. गुटक्यावर आपटून आपटून आलेली. मी तशीच ४०० ची स्प्रिंग घालून फिरलो असतो तर काय झालं असतं ते मनात आणत नाही. दोन्ही विशबोन व्यावसायिक वेल्डरकडून दुरुस्त करून घेतल्या, ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी पत्रा जोडून. आधी शॉकअपचा बोल्ट एकाच बाजूने धरलेला होता, आता दोन्ही बाजूंनी आहे. बोल्ट नवे, ८.८ ग्रेडचे.

काळे_हात

सगळ्यांनी आपापल्या गाडीखाली जाऊन ब्रॅकेट पुसून बघा. आज. रंगाला बारीक तडा दिसला तरी खरवडा.

रिकामा_टूलबॉक्स

आता चांगली बातमी. एक नॉबवाले शॉकअप, दांड्याची हालचाल ८५ मिमी, गाडी उभी असताना ५० दबायला आणि ३५ लोंबायला. बंपस्टॉप १८ मिमीचे, हळूहळू कडक होणारे. पुढे २२५, मागे जुन्याच १५०. गुटक्याआधी चाकाला आता ४९ मिमी मोकळे मिळतात, पूर्वीच्या २० च्या जागी.

पहिली फेरी मारली आणि हसत हसत परत आलो. पण एक नवीन भानगड: उंचवट्यावर गाडी स्वतःहून थोडी वळते. हात सरळ, गाडी तिरकी.

वेगवेडी

बंपस्टिअर. आधीही असणार, पण चाक हलतच नव्हतं तर दिसणार कुठून! स्प्रिंगा काढा, स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा, हबवर एक सरळ फळी बसवा आणि चाक वर-खाली करताना फळीच्या पुढच्या व मागच्या टोकाचं खुणेपासूनचं अंतर मोजा. टो (वरून बघता चाक आत-बाहेर किती वळलंय) किती बदलतो ते कळेल. टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा विशबोनच्या आतल्या सांध्यांच्या रेषेत नसला की असं होतं. बहुतेक वेळा स्टिअरिंगचा रॅक काही मिलिमीटर वर किंवा खाली घेतला की काम होतं.

रिकामा_टूलबॉक्स

३० मिमी हालचालीत ३ मिमी टो बदलत होता. रॅकखाली ५ मिमीच्या पट्ट्या घातल्या, आता अर्ध्या मिमीच्या आत आहे. मग ताईंच्या आकड्यांप्रमाणे कॉलर फिरवल्या. पुढे १३६ आणि १५४ वर थांबलो, एका किलोसाठी अजून दोन तास घालवायची हिंमत नव्हती. कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) पुढे उणे सव्वा अंश. दोन्ही बाजूंची वळणं आता सारखी वाटतात.

नॉब सगळ्यात मऊ ठेवून सुरुवात केली, दोन-दोन क्लिक वाढवत गेलो. सातव्याला नाक डुलायचं थांबलं, अकराव्याला पुन्हा जुना दणका जाणवायला लागला. आठवर ठेवलंय.

सुसाट

बरं बाबा, हरलो. पण नाक मऊ केलं तर वळणात कलत असेल की नाही?

आकडेमोड

कलेल थोडी, आणि वळणात एका बाजूला सरकणाऱ्या भारातला पुढच्या टायरांचा वाटा कमी आणि मागच्यांचा जास्त झाल्यामुळे मागचं टोक आधीपेक्षा लवकर सुटू शकेल. त्यात एक गंमत आहे: अखंड एक्सलमध्ये स्प्रिंगा चाकांच्या बऱ्याच आत बसतात, म्हणून दोन्ही चाकं एकदम उचलली की जो कडकपणा दिसतो तो गाडी कलताना तेवढा मिळत नाही. टूलबॉक्स, ओल्या रस्त्यावर जपून चालवून बघा. मागचं टोक फार मोकळं वाटलं तर पुढे एक बारीक अँटीरोल बार, स्प्रिंग मात्र हीच.

रिकामा_टूलबॉक्स

बघतो. सध्या तरी कलणं आवडतंय, गाडी काय करणार ते आधी कळतं.

एकच प्रश्न उरलाय. पुढचा 'ठक्क' गेल्यापासून मागून एक 'टिक्' ऐकू येते. वळणातून बाहेर पडताना, एकदाच. शॉकअप बघितले, घट्ट आहेत.

काळे_हात

पॅनहार्ड रॉडचा चौकटीकडचा बोल्ट. पाना घेऊन जा आणि आधी नुसत्या हाताने फिरवून बघा.

रिकामा_टूलबॉक्स

हाताने फिरला.